‘रिसर्च सांगतो…’ पण कुठला रिसर्च?

रीलवर ऐकलेला मानसशास्त्राचा दावा खरा की हवेतला, हे तपासायला पीएच.डी. लागत नाही. संशोधनाच्या डेटाबेसमध्ये शोधायचं कसं, एवढं कळलं तरी पुरतं.

कॅम्पस प्लेसमेंटचे दिवस आले की ग्रुपवर एक टिप हमखास फिरते. इंटरव्ह्यूच्या आधी वॉशरूममध्ये जा, कमरेवर हात ठेवा, पाय फाकवा, छाती पुढे काढा आणि दोन मिनिटं सुपरहिरोसारखे उभे राहा. टेस्टोस्टेरॉन वाढतं, स्ट्रेसचं हार्मोन उतरतं, कॉन्फिडन्स येतो. शेवटी ठेवणीतलं वाक्य असतंच, ‘हार्वर्डचा रिसर्च सांगतो!’

हे वाक्य आलं की समोरचा गप्प. हार्वर्डशी वाद कोण घालणार? पण जरा थांबा. कुठला रिसर्च? कधीचा? किती लोकांवर केला? पुढे तो कोणी पुन्हा करून पाहिला का? या चारही प्रश्नांची उत्तरं तुमच्या फोनवर वीस मिनिटांत मिळू शकतात. फक्त नेहमीच्या सर्चबारच्या पलीकडे जावं लागतं.

मानसशास्त्र तुमचा विषय असेल तर ही वीस मिनिटं तुमचं प्रोजेक्ट वाचवतील. विषय नसेल तरी अभ्यास कसा करावा, सवय कशी लावावी, मुलाखतीला कसं जावं, याचे सल्ले तुम्ही रोज याच शास्त्राच्या नावाने गिळताय. निदान गिळण्याआधी वास तरी घेऊन बघा.

गूगल वेगळं, डेटाबेस वेगळा

साध्या गूगलवर ब्लॉग, जाहिरात, बातमी, कोचिंग क्लासचं पान असं सगळं एकाच रांगेत येतं. संशोधनाच्या डेटाबेसमध्ये जर्नलमध्ये छापून आलेल्या लेखांच्या नोंदी असतात. लेखक कोण, वर्ष कुठलं, प्रयोग कोणावर केला आणि निघालं काय, याचा थोडक्यात सारांश. या सारांशाला ॲबस्ट्रॅक्ट म्हणतात आणि तो बहुतेक वेळा फुकट वाचता येतो.

मानसशास्त्रातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे सायकइन्फो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचा, म्हणजे एपीएचा हा डेटाबेस. याची मुळं जुनी आहेत. १९२७ पासून ही संस्था ‘सायकॉलॉजिकल ॲबस्ट्रॅक्ट्स’ नावाने संशोधनाचे सारांश छापायची. लायब्ररीत त्या जाडजूड खंडांची पानं उलटत विद्यार्थी आपला विषय शोधायचे. छापील खंड २००६ मध्ये थांबले, आता सगळं स्क्रीनवर आहे. सायकइन्फोला मात्र वर्गणी लागते. तुमच्या विद्यापीठाच्या लायब्ररीकडे ती आहे का, हे आधी विचारा.

नसेल तर हिरमुसू नका. पबमेड हा अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा डेटाबेस सगळ्यांना मोफत आहे. मानसिक आरोग्य, झोप, व्यसन, मेंदू यांवरचं खूप काही तिथे सापडतं. शिक्षणाशी संबंधित विषय असेल तर एरिक नावाचा मोफत डेटाबेस आहे. आणि २००४ मध्ये सुरू झालेलं गूगल स्कॉलर तर आहेच. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर स्कॉलरवरून करा. पण तिथे थांबू नका. का, ते पुढे येतंच.

‘टेन्शन’ शोधू नका

पहिली अडचण शब्दांची. आपण म्हणतो, परीक्षेचं टेन्शन आलंय. तेच इंग्रजीत ‘एक्झाम टेन्शन’ असं टाइप केलं तर हाती फारसं काही लागणार नाही. संशोधक त्याला ‘टेस्ट अँग्झायटी’ म्हणतात. मोबाइलचं वेड म्हणजे तिथे ‘प्रॉब्लेमॅटिक स्मार्टफोन यूज’. अभ्यास उद्यावर ढकलणं म्हणजे ‘ॲकॅडमिक प्रोक्रॅस्टिनेशन’. हॉस्टेलवर पहिल्या वर्षी घरची आठवण येऊन जीव कासावीस होतो, त्याला ‘होमसिकनेस’. आणि आईबाबांच्या अपेक्षांचं ओझं शोधायचं असेल तर ‘पेरेंटल एक्स्पेक्टेशन्स’.

म्हणजे शोधण्याची सुरुवात कीबोर्डवर होत नाही, कागदावर होते. तुमचा प्रश्न आधी मराठीत एका वाक्यात लिहा. समजा, ‘मोबाइल जास्त वापरल्याने कॉलेजच्या मुलांची झोप कमी होते का?’ यात तीन तुकडे आहेत. मोबाइल, कॉलेजची मुलं, झोप. आता प्रत्येक तुकड्यासाठी संशोधक कोणकोणते शब्द वापरत असतील ते लिहा. एकाच तुकड्यातले पर्याय ‘ऑर’ने जोडा, वेगवेगळे तुकडे ‘अँड’ने. दोनतीन शब्द मिळून एक संकल्पना होत असेल तर ती अवतरण चिन्हात टाका, नाहीतर शब्द सुटे सुटे शोधले जातात. पबमेडसारख्या डेटाबेसमध्ये शब्दाचं मूळ लिहून पुढे तारांकन दिलं, तर त्या मुळापासून बनलेले सगळे शब्द एका झटक्यात येतात.

सायकइन्फोची खरी गंमत त्याच्या शब्दकोशात आहे. त्याला ‘थिसॉरस’ म्हणतात आणि तो १९७४ पासून आहे. जगभरातले लेखक एकाच गोष्टीला दहा नावं देतात, म्हणून डेटाबेसवाले प्रत्येक लेखावर ठरलेल्या शब्दांची चिठ्ठी लावतात. ती चिठ्ठी तुम्हाला सापडली की लेखकाने कुठलाही शब्द वापरलेला असो, लेख तुमच्या जाळ्यात येतो. पबमेडमध्ये हेच काम ‘मेश’ नावाची शब्दसूची करते.

थिसॉरस उघडायचा कंटाळा आला तर एक सोपी युक्ती. विषयाशी नेमका जुळणारा एक लेख शोधा. त्याच्या नोंदीत खाली कीवर्ड्स दिलेले असतात. ते उचला आणि पुन्हा शोधा. दुसऱ्या फेरीचा निकाल पहिल्यापेक्षा कितीतरी बरा असतो.

पेपर सापडला. आता पुढे चला

आता आपल्या सुपरहिरोकडे येऊ. स्कॉलरवर ‘पॉवर पोझिंग’ टाका. वरच्या वरच तो गाजलेला पेपर दिसेल. डेना कार्नी, एमी कडी आणि अँडी याप यांचा, २०१० चा, ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नावाजलेल्या जर्नलमधला. म्हणजे रीलवाला खोटं बोलत नव्हता. रिसर्च आहे. लेखिकांपैकी कडी हार्वर्डच्या, हेही खरं. २०१२ मध्ये त्यांनी यावर टेड टॉक दिला आणि तो जगभर प्रचंड पाहिला गेला.

इथेच बहुतेक जण टॅब बंद करतात. तुम्ही ॲबस्ट्रॅक्टच्या पुढे जाऊन पेपरमध्ये डोकवा. प्रयोगात किती माणसं होती? ४२. त्यांचे दोन गट केले, एक ऐसपैस पोझमधला आणि एक अंग आक्रसून बसलेला. नेहमीसारखं साधं बसलेला तिसरा गट नव्हताच. म्हणजे फरक दिसला तरी तो ऐसपैस उभं राहिल्याने पडला की आक्रसून बसल्याने, हे सांगणं कठीण.

आता स्कॉलरवर त्या नोंदीखालचं ‘साइटेड बाय’ दाबा. या पेपरचा उल्लेख नंतर ज्यांनी ज्यांनी केला, ते सगळे लेख समोर येतात. हजारोंनी येतील, घाबरू नका. वर एक छोटा चौकोन असतो, ‘फक्त याच लेखांमध्ये शोधा’ असा. त्यावर टिक करा आणि ‘रेप्लिकेशन’ टाइप करा. रेप्लिकेशन म्हणजे तोच प्रयोग पुन्हा करून पाहणं.

आणि कहाणी पालटते. २०१५ मध्ये इव्हा रानेहिल आणि सहकाऱ्यांनी त्याच जर्नलमध्ये आपला प्रयोग मांडला. या वेळी माणसं होती २००. पोझ दिलेल्यांना आपण जास्त ताकदवान आहोत असं वाटलं, हे इथेही दिसलं. पण हार्मोन्स जागचे हलले नाहीत आणि धोका पत्करण्याच्या वागण्यातही फरक पडला नाही. पुढच्या वर्षी, म्हणजे २०१६ मध्ये, मूळ पेपरच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनीच जाहीर केलं, की या परिणामावर आपला आता विश्वास राहिलेला नाही. कडी यांनी मात्र आपली बाजू सोडली नाही. २०१८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह नवं विश्लेषण छापून उत्तर दिलं.

मग खरं कोणाचं? अशा वेळी तिसरा शब्द कामाला येतो, ‘मेटा-ॲनालिसिस’. एकाच विषयावरचे सगळे प्रयोग गोळा करून त्यांचा एकत्र हिशोब मांडणारा लेख. २०२२ मध्ये ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये असा हिशोब आला, शंभराहून अधिक प्रयोगांचा. सार असं, की ऐसपैस उभं राहिल्याने माणसाला स्वतःबद्दल बरं वाटतं, वागण्यावरचा परिणाम त्यापेक्षा डळमळीत आहे आणि हार्मोन्सवर परिणाम दिसत नाही.

म्हणजे इंटरव्ह्यूच्या आधी उभं राहावंसं वाटलं तर खुशाल राहा. बरं वाटेल. पण तुमच्या रक्तात काही बदललंय या भरवशावर तयारी अर्धी सोडू नका. रीलने सांगितलेल्या आणि न सांगितलेल्या गोष्टींत फरक आहे तो एवढाच. तो फरक इंटरव्ह्यूच्या खुर्चीत कळण्यापेक्षा आदल्या आठवड्यात कळलेला बरा, नाही का?

यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. स्कॉलरवर ज्या लेखाचा उल्लेख जास्त वेळा झालाय, तो साधारणपणे वर येतो. त्यामुळे जुना, गाजलेला दावा पहिल्या पानावर आणि त्याला खोडणारा पेपर बराच खाली, असं सर्रास घडतं. वर असणं म्हणजे खरं असणं नव्हे. म्हणून कुठलाही पेपर सापडला की दोन दिशांना जायचं. मागे, म्हणजे त्याच्या संदर्भांच्या यादीत. आणि पुढे, म्हणजे ‘साइटेड बाय’मध्ये. मागे गेलात की दावा कुठून आला ते कळतं. पुढे गेलात की त्याचं काय झालं ते कळतं.

हे एखाददुसऱ्या पेपरचं दुखणं नाही. २०१५ मध्ये शेकडो संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळ प्रयोगांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरणारा निकाल आला होता. पुन्हा केल्यावर तसा निकाल ३६ टक्क्यांतच आला. याचा अर्थ मानसशास्त्र थोतांड आहे असा नाही. स्वतःची उलटतपासणी उघडपणे करणारं हे शास्त्र आहे आणि ती उलटतपासणीही त्याच डेटाबेसमध्ये सापडते.

‘६६ दिवस’वाल्यांनाही गाठा

सराव करायचाय? सवयीचा दावा घ्या. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे तुम्ही ऐकलंच असेल. मागे मागे गेलात तर पोहोचता मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनपाशी. १९६० च्या पुस्तकात त्यांनी लिहिलं होतं, की बदललेला चेहरा अंगवळणी पडायला पेशंटला साधारण किमान २१ दिवस लागतात. पहाटे उठून पळायला जाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

आता हुशार रील आलेत. ते म्हणतात, ‘२१ नाही, ६६ दिवस!’ हा आकडा फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या पेपरमधला. पेपर उघडा. ९६ लोकांनी भाग घेतला, ८४ दिवस नोंदी ठेवल्या. ज्यांच्या नोंदी संशोधकांच्या गणिताच्या वक्ररेषेत नीट बसल्या, असे ३९ जण. त्यांचा मधला आकडा ६६. पण पल्ला किती? १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. आणि पाहणीच ८४ दिवसांची होती, तेव्हा २५४ हा गणिताने काढलेला अंदाज. म्हणजे सदुसष्टाव्या दिवशीही तुमची सवय लागली नसेल तर तुमच्यात काही खोट नाही. हे ॲबस्ट्रॅक्टवरून पूर्ण कळत नाही. पेपर वाचावा लागतो.

पेपरला कुलूप लागलंय?

पूर्ण पेपर उघडायला गेलात की पैसे मागणारं पान येतं. कार्ड काढू नका. आधी हे करून बघा.

स्कॉलरवर नोंदीच्या उजवीकडे पीडीएफची लिंक आहे का बघा. नसेल तर ‘ऑल व्हर्जन्स’ दाबा. बऱ्याचदा लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर प्रत ठेवलेली असते. अनपेवॉल नावाचं मोफत ब्राउझर एक्स्टेन्शन अशी कायदेशीर मोफत प्रत आपणहून शोधून देतं. पबमेड सेंट्रलवर पूर्ण लेख मोफत असतात. सायआर्काइव्हवर मानसशास्त्राचे लेख छापण्याआधीच्या रूपात मिळतात. फक्त त्यांचं परीक्षण अजून झालेलं नसू शकतं, हे ध्यानात ठेवा.

तुम्ही सरकारी विद्यापीठात किंवा सरकारी कॉलेजात असाल तर आणखी एक दार उघडलंय. केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आहे. तीस मोठ्या प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स या योजनेत आहेत. त्यात सेज, स्प्रिंगर नेचर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस हे मानसशास्त्राची भरपूर जर्नल्स काढणारे प्रकाशकही आहेत. तुमची संस्था यात आहे का आणि लॉगिन कसं मिळतं, हे लायब्ररियन मॅडमना किंवा सरांना विचारा. अनुदानित किंवा खासगी कॉलेजात असाल तर इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टबद्दल विचारा. आपल्याकडे लायब्ररियनकडे आपण फक्त पुस्तक परत करायला जातो. शोधाची अर्धी विद्या त्यांच्याकडे असते हो!

आणि काहीच नाही जमलं तर थेट लेखकाला मेल करा. पत्ता लेखाच्या पहिल्या पानावर किंवा नोंदीत दिलेला असतो. मी अमुक कॉलेजची विद्यार्थिनी, तमुक विषयावर प्रोजेक्ट करतेय, तुमचा लेख मिळेल का? चार ओळी पुरतात. पेपर विकून लेखकाला साधारणपणे काही मिळत नाही. कोणी वाचतंय याचाच आनंद असतो, त्यामुळे अनेक जण प्रत पाठवतात.

एआयने दिलेला संदर्भ

‘चॅटजीपीटीला सांगितलं, दहा रेफरन्स दिले त्याने.’ छान. त्यातले किती खरे आहेत? अशा टूल्सनी रचलेल्या यादीत लेखकाचं नाव खरं, जर्नलही खरं, पण तो लेख कधी लिहिलाच गेला नाही, असं होतं. गाइडने एक जरी उघडून पाहिला तरी तुमच्या उरलेल्या नऊवरही शंका येणार.

तपासणं सोपं आहे. प्रत्येक लेखाला डीओआय नावाचा कायमचा क्रमांक असतो, १० या आकड्याने सुरू होणारा. माणसाला जसं आधार, तसं लेखाला डीओआय. फार जुने लेख सोडले तर तो बहुतेकांना असतो. डीओआयच्या साइटवर तो टाका. लेख उघडला आणि शीर्षक जुळलं तर ठीक. क्रमांक चालला नाही किंवा दुसराच लेख उघडला तर शीर्षक अवतरण चिन्हात टाकून शोधा. तरीही सापडला नाही तर यादीतून उडवा. लेख खरा असला तरी तो मागे घेतलेला नाही ना, हे ‘रिट्रॅक्शन वॉच’च्या मोफत डेटाबेसमध्ये बघता येतं.

एआयचा उपयोग करायचाच तर शब्द सुचवायला करा. ‘या विषयासाठी संशोधक कोणकोणते शब्द वापरतात?’ हे त्याला विचारा. लेख मात्र तुम्ही शोधा.

यात आपण कुठे आहोत?

सापडलेल्या पेपरमध्ये ‘पार्टिसिपंट्स’ हा भाग नक्की वाचा. प्रयोगात कोण होतं? खूपदा अमेरिकेतल्या विद्यापीठांचे विद्यार्थी. २०१० मध्ये जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी याच मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. श्रीमंत, पाश्चात्त्य देशांतल्या मूठभर लोकांवरून अख्ख्या मानवजातीचे निष्कर्ष काढले जातात, असं त्यांचं म्हणणं. एकत्र कुटुंब, दोन भावंडांत एक खोली, दोन तासांचा लोकलप्रवास, सीईटीचे क्लास… हे त्या प्रयोगांत कुठे येणार?

म्हणून तुमच्या शोधात ‘इंडिया’ हा शब्द जोडून एकदा बघा. ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिॲट्री’ मोफत वाचता येतं. शोधगंगेवर भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध आहेत. त्यात महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांवर केलेलं काम सापडतं, काही तर मराठीत. प्रोजेक्टसाठी प्रश्नावली वापरणार असाल तर स्वतः भाषांतर करण्याआधी तिची मराठी आवृत्ती आहे का ते शोधा. नैराश्याची लक्षणं मोजणाऱ्या ‘पीएचक्यू-९’ची आहे, तशी इतरांचीही असू शकते. आणि नसेल तर? मग तुमच्या पुढच्या प्रोजेक्टचा विषय मिळाला की!

एक गोष्ट मात्र वेगळी

हे सगळं दाव्यांसाठी आहे. रात्री झोप लागत नाही, जीव नकोसा झालाय, अशा अवस्थेत स्वतःची लक्षणं डेटाबेसमध्ये शोधत बसू नका. पेपरमधला आकडा हजार लोकांबद्दल काहीतरी सांगतो. तुमच्याबद्दल सांगायला तुमच्याशी बोलणारं माणूस लागतं. कॉलेजच्या समुपदेशकाशी बोला किंवा सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. फोन मोफत आहे, केव्हाही करता येतो.

ग्रुपवर पुढच्या वेळी

‘रिसर्च सांगतो’ म्हणून काही आलं की या क्रमाने जा :

मूळ पेपर कुठला, ते शोधा. बातमी नको, रील नको, पेपर.

माणसं किती होती आणि कोण होती, ते बघा.

‘साइटेड बाय’ दाबून त्यात ‘रेप्लिकेशन’ आणि ‘मेटा-ॲनालिसिस’ शोधा.

डीओआय उघडतो का, ते तपासा.

काय शोधलं, कुठे, कोणत्या शब्दांनी, कोणत्या तारखेला, हे वहीत लिहून ठेवा. गाइडने ‘हे कुठून आणलं?’ विचारलं की वही पुढे करायची.

पहिला दावा आजच घ्या. ‘मी व्हिज्युअल लर्नर आहे’ असं तुमच्यापैकी कोणीतरी नक्की म्हणत असेल. स्कॉलरवर ‘लर्निंग स्टाइल्स’ टाका, २००८ चा हॅरल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांचा लेख शोधा, तो वाचा आणि मग ‘साइटेड बाय’ दाबा. काय सापडतं ते इथे सांगत नाही. ग्रुपवर तुम्हीच टाका, लिंकसकट.